मुंगीच्या कागदावर सात भोकं

ता. १४, रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

थोरल्या बाळास (पन्नाशी उलटून चार वर्षं झाली तरी बाळासच) आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईला नीट दिसावं म्हणून मोठमोठ्या अक्षरांत छापून पाठवलंस, वर "सावकाश वाचून कळव" असंही घातलंस. अरे, माणसानं विसरावं, पण किती? तुझी प्रगतिपुस्तकं मी उलटी धरून पाहायची नि तू ती सुलटी करून द्यायचास. त्या आईला वाचता येत नाही, एवढं तरी ध्यानात ठेवायचं. अक्षर मुंगीएवढं काय नि भोपळ्याएवढं काय, मला सारखंच. आणि त्याच पत्रात तक्रार, की आई हल्ली फार विसरते.

मुंगी म्हटलं म्हणून लिहिणारीनं माझ्याकडे डोळे वटारले. तुझी भाची, आपली मुंगीच लिहिते आहे, दुसरं कोण. तिला बजावलंय, माझ्या तोंडचं एक वाक्य गाळायचं नाही. लिहून झालं की खालच्या शिंप्याकडून पुन्हा वाचून घेणार आहे. ती म्हणते, आजी, माझ्यावर विश्वास नाही का? आहे की. तिच्या आईवरही होता. तिनं लग्नाआधी माझी सगळी पत्रं लिहिली आणि तुला दिलेल्या सगळ्या शिव्या गाळल्या, हे मला वीस वर्षांनी कळलं.

इकडे सर्व ठीक. तुझ्या बहिणीला इस्पितळात या महिन्यात दिवसपाळी आहे. शिंपी दर आठवड्याला शर्टांचा गठ्ठा वर पाठवतो, मी बटणं लावून देते. तू पाठवलेली नवी चप्पल पायाला छान बसते. महिनाअखेरीला येणार, घराला कुलूप लावणार आणि मला घेऊन जाणार, असं लिहिलंस. त्यावर पुढे बोलू.

काल मी बंदूक चालवली.

मुंगी थांबली. मी म्हटलं, लिही.

झालं असं, की मुंगीला नेमबाजी शिकायची आहे. तुला हे ठाऊक नसणारच, कारण तू तिला फोन करतोस तो आजीचं काय चाललंय ते विचारायला. क्लबाचा नियम आहे, अठराच्या आतल्या मुलानं पहिल्या दिवशी घरचं मोठं माणूस बरोबर आणायचं. तिची आई कामावर, म्हणजे मोठं माणूस मी. जिन्यात शिंप्यानं विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, बंदूक चालवायला. त्याला वाटलं, शिलाईवरून माझं काही बिनसलंय. कालपासून फार गोड बोलतोय.

जागा म्हणशील तर लांबट गोदामासारखी. आत तेलाचा नि रबराचा वास. अलीकडच्या टोकाला ओळीनं टेबलं, पलीकडे तेरा-चौदा पावलांवर चौकोनी कागद टांगलेले, मधोमध बाटलीच्या बुचाएवढा काळा ठिपका. टेबलाजवळचं चाक फिरवलं की तारेवरून कागद आपल्याकडे सरकत येतो, दोरीवरचं धुणं ओढावं तसा. बंदूक हवेची. तिच्यात डाळीच्या दाण्याएवढा छर्रा घालतात.

दाराशी एक कारकून बसला होता. त्यानं मुंगीला फॉर्म दिला आणि मला म्हणाला, आजी, तुम्ही तिकडे बसा, पंख्याखाली.

माणूस भला होता. पण कुणी मला पंख्याखाली बसवलं की तुझ्या घरचे ते तीन आठवडे मला आठवतात. तुमची खिडकीतली ती मऊ खुर्ची. सून चांगली आहे, इतकी चांगली की हातातली सुरी काढून घ्यायची, पाण्याचा पेला भरून आणायची, उठले की "काय हवं?" विचारायची. तीन आठवड्यांत मी एकच काम केलं, "बरं आहे" म्हणण्याचं. तिला हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.

तर मी कारकुनाला विचारलं, म्हाताऱ्यांना मनाई आहे का? म्हणाला, मनाई कुणालाच नाही, आज नवख्यांचाच दिवस आहे. म्हटलं, मग माझाही फॉर्म दे. त्यानं सहीची जागा दाखवली, मी अंगठा दाखवला. शाईचा पॅड काही सापडेना. शेवटी त्याच्याच पेनाची शाई चोळून उठवला.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी सांगितलं, बंदुकीचं तोंड सदा कागदाकडे, सांगेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही, शिट्टी झाली की बंदूक टेबलावर. नवख्यांसाठी टेबलावर वाळूची पिशवी असते, तिच्यावर नळी टेकवायची. उजव्या खांद्याला बंदुकीचा मागचा दस्ता, उजवा गाल त्यावर, डावा डोळा मिटायचा. माझ्या डाव्या हाताच्या टेबलावर मुंगी. पाच-पाच छर्रे दिले.

मी उजवा खांदा लावला, उजवा गाल टेकवला. डोळा मात्र उजवा मिटला. का, ते सांगते, घाई करू नकोस.

पाचही छर्रे उडवले. आवाज टाळी वाजवल्याएवढा, पण छातीत काय बरं वाटलं म्हणून सांगू. शिट्टी झाली. चाक फिरवून कागद ओढला, तर जसा गेला तसाच परत आला, कोरा. मी म्हटलं, असेल, पहिलाच दिवस. शेजारी मुंगीचा कागद आला. तिनं पाच मारले होते आणि भोकं सात होती.

मुंगीला वाटलं, तिची बंदूक एका दाबात दोन-दोन सोडते. ती खूश. (ती म्हणते, हे खरं नाही. खरं आहे.) बाईंनी सात भोकं मोजली, माझा कोरा कागद पाहिला. मग दिसलं, की माझे बाकीचे तीन दोन्ही कागदांच्या मधल्या फळीत घुसलेत. त्या मला रागावल्या नाहीत. जवळ आल्या, खांदे धरून मला जरा वळवलं आणि माझ्या डाव्या डोळ्यावर एक पुठ्ठा धरला.

"आजी, समोरच्या घड्याळात किती वाजलेत?"

घड्याळाचे काटे मला कळतात, ते तुला ठाऊक आहे. मी मनात हिशेब केला. घरून निघालो दहाला, बस, मग फॉर्म, मग अंगठा. म्हटलं, अकराला दहा कमी.

"या भिंतीवर घड्याळच नाही, आजी."

मुंगी तिथेच उभी होती.

आता ऐक. उजव्या डोळ्यानं मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. सकाळी उठले तेव्हा खिडकीचा अर्धा भाग काळा होता, मग महिन्याभरात सगळाच. तुझ्या बहिणीला सांगितलं नाही, तुला तर नाहीच. एकटी बसनं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, घरी सांगितलं, दोरा आणायला जाते. तिथे न शिकलेल्यांसाठी वेगळा तक्ता असतो, त्यावर कंगव्यासारख्या खुणा, दाते कुणीकडे ते हातानं दाखवायचं. डाव्या डोळ्यानं मी शेवटच्या ओळीपर्यंत दाखवले. डॉक्टर म्हणाले, उजवी नस सुकली, ती काही परत येत नाही. डावा चांगला आहे, दोन वेळा थेंब घाला, सहा महिन्यांनी दाखवा. मी घालते. तीनदा दाखवून आले. घरात दोऱ्याची रिळं किती साठलीत, ते मुंगीनं काल मोजलं.

म्हणजे जिन्यात मी पडले तो दोष चपलेचा नव्हता. उजवीकडची पायरी दिसलीच नाही. मी चपलेवर ढकललं, तू बिचारा नवी घेऊन दिलीस. गेल्या खेपेला चहा बशीत सांडला तेव्हा मी कान नीट बसला नाही म्हणून कपाला नावं ठेवली, तोही कप निर्दोष होता. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. आता किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतते, थेंब सांडत नाही.

पडले तेव्हा तू म्हणाला होतास, आई, यापुढे एक जरी काही झालं, तर विचारणार नाही, उचलून नेईन. मी हो म्हटलं होतं. तेव्हाही मला दिसत नव्हतं. तुला फसवायचं म्हणून नाही... खोडून टाक मुंगे. फसवायचं म्हणूनच. भीती वाटली मला. तुझी नाही, त्या खुर्चीची.

परतताना मुंगी बसमध्ये शेजारी बसली होती. उतरायच्या आधी म्हणाली, आजी, मामाला सांगावं लागेल, मी त्याला शब्द दिलाय. अंग चोरून बोलत होती पोरगी. तू तिला माझ्यावर पहारा ठेवायला लावलंस, हे काही मला आवडलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात असली कामं अडकवू नयेत. मी म्हटलं, तू फक्त लिही, सांगते मी. म्हणजे तुझा शब्दही राहतो आणि चुगलीही होत नाही. म्हणून हे पत्र. नाहीतर मी आणखी दहा वर्षं रिळं आणली असती.

पण काल तेवढ्यावर संपलं नाही. मी म्हटलं, झालं, आता घरी पाठवतील. बाई कपाटाकडे गेल्या नि दुसरी बंदूक घेऊन आल्या, डाव्या खांद्याची. म्हणाल्या, नेमाला एकच डोळा लागतो, आणि दुसरा मिटायचा त्रास तुम्हाला नाही. दहा छर्रे दिले. दहाही माझ्या कागदावर, चार काळ्यात. मुंगीचे काळ्यात तीन. हे तिच्याच हातानं लिहून घेताना फार बरं वाटतंय. कागद पाकिटात घातलाय. उजेडासमोर धरून बघ.

तर बाळ, अट तुझी होती, मोडली मी. तरी येणार नाही. चार शब्द सुनाव, महिनाभर फोन करू नकोस, पण उचलून नेण्याची भाषा पुन्हा काढू नकोस. माझं घर मला डोळे मिटून पाठ आहे. तुझं घर दोन्ही डोळे असतानाही मला सापडत नव्हतं. पुढच्या तपासणीला तुझ्या बहिणीला घेऊन जाईन, लपवणार नाही. जिन्याला उजवीकडे कठडा हवा, तो लावून दे. एवढं एक काम माझ्यानं होण्यासारखं नाही. महिनाअखेरीला ये, जरूर ये. कुलूप आणू नकोस. एका डोळ्यानं तू मला अर्धा दिसत नाहीस, अख्खा दिसतोस. आणि बऱ्याच दिवसांत तुला पाहिलेलं नाही.

मुंगी म्हणते, शेवट कसा करू? म्हटलं, कर असा:

इथेच राहणारी,
तुझी आई
(अंगठा)

ता.क. हे ऐकून सून माझ्या डोळ्यांसाठी टोपलीभर गाजरं पाठवायला निघेल, तिला थांबव. पाठवायचेच असतील तर अक्रोड पाठव. कवचासकट. फोडलेला एकही नको.