ब्रेक्के म्हणाले, बघू

३१ ऑगस्ट, रविवार
सासऱ्यांची शिकारीची जागा गेली. चाळीस वर्षं त्या रानात जायचे, आता नव्या मालकाने पाट्या ठोकल्या. हार्लन (सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याचं त्याहून जास्त) जेवताना म्हणाले, संपलं आता, बंदूक विकून टाकतो. ताट अर्धवट टाकून उठले. मला बघवेना. तिथल्या तिथे शब्द दिला, यंदा हरणांच्या हंगामाला जागा मी मिळवतो. विम्याच्या धंद्यात तेवीस वर्षं काढलीत. माणसाचा होकार मला दारातच कळतो.
मार्लिसला म्हटलं, शिंगं बैठकीच्या भिंतीवर लावू. बायको म्हणाली, बघू. उद्याच खिळा आणतो.

६ सप्टेंबर, शनिवार, संध्या. ५
जागा मागायला ब्रेक्के यांच्या शेतावर. दीडशे गाई, मागे ओकचं रान. छाप पडावी म्हणून शिकारीचा नवा झाडपानांचा सूट घातला, तोंडाला हिरवा रंग. कुत्रं फसलं नाही. पँट शिवता येईल.
ऐन धारांच्या वेळी पोचलो, म्हणजे म्हातारा हमखास भेटणार. चीजची टोपली भेट दिली. त्यांनी लेबल वाचलं, म्हणाले, हे आमच्याच दुधाचं. किती आपुलकी. शिकारीची परमिशन मागितली. म्हणाले, बघू.
पहिल्याच भेटीत काम फत्ते. हार्लनना फोन करून सांगितलं. बंदूक पुसायला घेतो म्हणाले. आवाजच बदलला त्यांचा.

२० सप्टेंबर, शनिवार
बारकावे ठरवायला गेलो. मचाण पूर्वेला बांधू की पश्चिमेला? ब्रेक्के म्हणाले, बघू. दोन्ही मंजूर दिसतंय. दोन मचाणं घेतली. मार्लिसला एकच दाखवलं.

११ ऑक्टोबर, शनिवार
नातं पक्कं करायला मका कापणीत मदत. ब्रेक्केंनी मला लांब उभं राहायचं काम दिलं. जबाबदारीचं काम. निघताना मागचं गेट लावायचं राहिलं असावं. अकरा कालवडी रस्त्यावर, तिथून चर्चच्या आवारात. आत कुणाचं तरी लग्न लागत होतं. एका कालवडीने फुलं खाल्ली. सगळ्या सापडल्या, मग प्रश्न काय?
ब्रेक्के संध्याकाळभर एक शब्द बोलले नाहीत. आमच्याकडची माणसं भावना दाखवत नाहीत.

१ नोव्हेंबर, शनिवार
माझी गाडी बघताच ब्रेक्के गोठ्यात गेले आणि आतून कडी घातली. थंडी वाढलीय.

२० नोव्हेंबर, गुरुवार
परवा हंगाम सुरू. किती वाजता यायचं ते फिक्स करायला गेलो. ब्रेक्केंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, अहो, पण मी हो कधी म्हणालो?
घरी येऊन हार्लनना सगळं सांगितलं. कालवडींचंही. तेल दिलेली बंदूक टेबलावरच होती. मला तिच्याकडे बघवेना. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोट चढवला. म्हणाले, त्या कालवडींबद्दल माफी तरी मागून येतो.
दोन तासांनी परतले, हातात ब्रेक्केबाईंनी भाजलेला अर्धा ॲपल पाय. शिकारीचा विषयच काढला नव्हता म्हणे. गाईंच्या गप्पा मारल्या. हार्लननीही पूर्वी गाई पाळल्या होत्या. उठताना ब्रेक्केंनीच विचारलं, यंदा शिकारीला कुठं जाणार? कुठंच नाही म्हटल्यावर म्हणाले, शनिवारी या. लेकीलाही आणा, तिचा नेम चांगला आहे असं ऐकलंय.
मी विचारलं, आणि मी? हार्लन म्हणाले, जावईबापू, तुमच्याबद्दलही बोलणं झालंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दु. १२
गेटवर बसलोय. ते लावलेलं राहील हे बघायचं, एवढंच काम. चुकून गोळी लागू नये म्हणून भगवं जाकीट, घडीची खुर्ची. सकाळपासून तीनदा कडी तपासली. रानातून सकाळी एक बार ऐकू आला. मग हार्लन गुडघा विसरून चालत आले, मोठं हरीण पडलं म्हणाले. तोंडभर हसत होते. मलाही फार बरं वाटलं. एका अर्थी प्लॅन माझाच.
मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जावईबापू, या भागात बघू म्हणजे नाही. लहान पोरांनाही ठाऊक आहे.
शक्य आहे. पण तेवीस वर्षांत किती कस्टमर मला बघू म्हणाले आणि मी फाइल मंजूर धरून बसलो, ते आता मोजत नाही.
मार्लिस गरम कॉफी घेऊन आली, न मागता. बाजूला बसली. म्हटलं, पुढच्या वर्षी ब्रेक्केंशी मीच बोलतो. म्हणाली, बघू.
ती गेल्यावर आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वी जत्रेत पाळण्याखाली तिला लग्नाचं विचारलं होतं, तेव्हाही ती हेच म्हणाली होती. मी दुसऱ्याच दिवशी चर्चचा हॉल बुक केला.
संध्याकाळी तिला विचारावं का?
नको. कॉफी चांगली झालीय. गेट बंद आहे.