मशीनमधली तुझी जागा

बाबू, माय आठवते का रे, का तिकडं गेल्यावर तिलाही पुसून जागा मोकळी केलीस? तुझा काही भरवसा नाही. मी सांगून राहिली आणि तुझी पोरगी लिहून राहिली. तिला पाळण्यात टाकून तू तापात गेलास, आता ती कॉलेजात जाते.

तू राइस मिलमध्ये कामाला होतास, तिथल्या सेठनं कुठून तरी जुनाट कॉम्प्युटर आणून तुझ्या हाती दिला होता. त्याचं डोकं एवढंसं, आणि त्यात नावं घालायची धान आणणाऱ्या गावोगावच्या शेतकऱ्यांची. तू चुलीपाशी येऊन बसलास. म्हणालास, "माय, पुरं आडनाव लई जागा खाते. आपली छत्तीस कुळं सांग, एकेका कुळाले एकच अक्षर देतो." मी तांदूळ निवडता निवडता सांगत गेले. सोयरिकी जमवून जमवून कुळं मला तोंडपाठ, अक्षर मात्र एक येत नाही. माझं सगळं गोत तू चिमटीएवढ्या जागेत बसवलंस, आणि मी ते आपल्या गोरेगावच्या आठवडी बाजारभर सांगत फिरले.

मग तुझे बाबा गेले. पुढला हंगाम सरल्यावर जेवता जेवता तू सहज बोललास, त्यांचं नाव गेलं, तिथं आता माझं आहे. मी तुझ्यापुढचं ताट ओढून घेतलं. बापाला काऊन पुसलं म्हणून विचारलं.

"मी नाही, माय, मशीनच पुसते. ज्याचं धान हंगामभर आलं नाही, त्याची जागा नव्याले. नाही तर जिवंत माणसं कुठं ठेवू?"

तू गेलास त्या वर्षी शेत पडीत राहिलं. पेरणार कोण होतं? नंतर पोरीला कडेवर घेऊन मी मिलमध्ये गेले. वाचता येत नसलं तरी पडद्यावरच्या तुझ्या नावाला एकदा हात लावायचा होता. सेठनं मशीनमधल्या तुझ्या जागेचा नंबर दाबला, तर देवरीकडचा कोणी निघाला. सेठ खाली बघून म्हणाला, "माई, ये नियम तो आपके बेटे का ही बनाया हुआ है." काचेवर ठेवलेलं बोट मला लवकर उचलता आलं नाही.

नव्या मशीनमध्ये म्हणे अख्खा जिल्हा मावते. मावू दे. माझ्याच डोक्यातून आता रोज काहीबाही जाते, आणि काय जावं हे मला कोणी विचारत नाही.

पोरगी विचारते, हे पत्र कुठं टाकू? पेटीत ठेव म्हटलं. आता लिहून घेतेच आहे तर एक सांगते. सर्वपित्रीला छपरावर तुमची दोघांची पानं ठेवते, पण खीर कोणाला आवडायची आणि लाखोरी डाळीचे वडे कोणाला, तुला की तुझ्या बाबांना, हे माझ्या डोक्यात आता एक होऊन गेलं. यंदा तुझ्या पानावर खीरही ठेवीन, लाखोरीचे वडेही. जे तुझं असेल तेवढंच खा. दुसऱ्याला चोच लावू नको, म्हणजे पुढच्या वर्षी काय पाठवायचं ते मला कळेल.