फाटकाची दुसरी बाजू

चिबा, जपान
९ मार्च २०२५

आदरणीय अप्पांस,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. मी फोन केला की भूषण उठून बाहेर जातो, म्हणून तुम्ही कागदावर लिहिता, हे समजलं. मीही तसंच करते.

वृद्धाश्रमातलं काम तेच. आज्यांना उचलायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. खोलीवर आल्यावर बूट काढायचंही जिवावर येतं. तरी मागच्या सुट्टीला तीन गाड्या बदलून समुद्राकाठच्या एका रेल्वे फाटकापाशी गेले. भूषणच्या त्या अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी कार्टून मालिकेत, दिसतं तेच खरंखुरं फाटक. ती मालिका बघून बघून तो जपानी शिकला. मी नुसती सोबत म्हणून शेजारी बसायची. इथल्या कामासाठीच्या परीक्षेला आम्ही दोघं भावंडं बसलो, तो नापास झाला आणि मी इथं आले. तो आला असता तर पहिल्याच सुट्टीला तिथं पळाला असता. मला तर अप्पा, तिथं उभी राहून काहीच वाटलं नाही. पाय दुखत होते, एवढंच.

त्यानं माझा नंबर बंद करून ठेवलाय, म्हणून फोटो छापून पाठवते. नुसता ठेवून द्या, दाखवू नका.

आईला जपा. माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
विशाखा

हर्सूल
३० मार्च २०२५

चि. विशाखा हीस,
अप्पाचा जयभीम व आशीर्वाद.

फोटो टीव्हीपाशी ठेवला. दोन दिवस त्यानं ढुंकून पाहिलं नाय. तिसऱ्या दिवशी बिडकीनच्या कंपनीतून पाळी करून आला अन् जेवता जेवता उचलला. लई येळ बघत बसला. मग मला म्हणला, तिला कळवा, उलट्या बाजूनं काढलाय, समुद्र डावीकडं पाहिजे. दहा महिन्यांत तुझ्याबद्दल हे पहिलं वाक्य. तुझी आई मोरीत जाऊन रडली.

मी म्हणतो, पुन्हा जाऊ नको. पण तू ऐकणारी व्हय? लहानपणापासून माझं कधी ऐकलंस ते आठवून कळव.

तब्येतीचं खरं लिही. लोभ हायच, वाढला तर तक्रार नाय.

अप्पाराव

चिबा
२० एप्रिल २०२५

आदरणीय अप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

गेले होते. वारा फार होता. रुळांच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले, गाडी जाऊ दिली आणि फोटो काढला. समुद्र डावीकडं आहे. त्याला चालतो का बघा. पुढच्या सुट्टीला त्याच मालिकेतल्या देवळाच्या पायऱ्या करीन. खूप उंच आहेत म्हणे.

माझी तब्येत ठीक आहे. मायेत ठेवा.

विशाखा

हर्सूल
११ मे २०२५

अक्का,
जयभीम.

या वेळी अप्पांच्या जागी मी लिहितोय.

बाजू बरोबर आली. फोटोत कोपऱ्यावर वळणाचा गोल आरसा आहे, त्यात तू दिसतेस. अप्पांच्या ध्यानात आलं नाही. मी मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन मोठं करून पाहिलं. उजव्या मनगटाला पट्टा आहे आणि तू खांबाला टेकून उभी आहेस. अप्पांना लिहिलंस, तब्येत ठीक आहे.

निकालाच्या दिवशी मला वाईट वाटू नये म्हणून तू पास झाल्याचे पेढे घरात आणू दिले नाहीस. त्याचाच मला जास्त राग आला. तुझ्यावर नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल.

आता परीक्षेला बसणार नाही. दिवसभर मशीनवर उभा असतो, घरी आल्यावर मालिका लावायचाही कंटाळा येतो. त्या जागा मला नकोत. पायऱ्या चढू नको. सुट्टीला झोप.

आणि मनगट डॉक्टरला दाखव. तिथलं बोलणं अडलं तर तिथूनच मला फोन लाव. सूज, ठणका, कधीपासून, हे सगळे शब्द मला येतात. तुझा नंबर पुन्हा चालू केलाय.

लोभाचं अप्पांसारखं लिहिता येत नाही मला.

भूषण