हिरव्या सुटाचा निळा पाय

कोइवुसालमी,
१४ जानेवारी

प्रिय एनिको,

तू बरी असशील, तुझ्या परीक्षा संपत आल्या असतील आणि घरी आईवडिलांचंही ठीक असेल, असं धरून लिहायला बसले आहे. मी ठीक आहे. मध्यंतरी थंडीने कहर केला होता, आता जरा कमी आहे. तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलंय. विहिरीचा पंप मात्र या वर्षी गोठला नाही. ओत्सोने हंगेरीला जाण्याआधी त्याच्या नळाला पोतं गुंडाळून ठेवलं होतं.

फिनिश वाचायला जड गेलं तर सावकाश वाच. मी सोपंच लिहिते. अवघड मला येतही नाही.

तुझी फुलं वेळेवर पोहोचली. पांढरी होती, थंडीत लगेच काचेसारखी झाली. दफनाच्या दिवशी बायकांनी विचारलं, ती हंगेरीची मुलगी आली नाही का? मी म्हटलं, परीक्षा आहे तिची. खरं काय ते मला माहीत नाही, आणि तुला विचारतही नाही. कबरीवर मी रविवारी मेणबत्ती लावून येते. आता एस्को आणि ओत्सो, बाप-लेक शेजारी शेजारी आहेत. एस्कोला जाऊन नऊ वर्षं होतील. त्याचा राखाडी स्वेटर मी अजून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवला आहे. कपाटात वरच्या फळीवर. तू एकदा चादर काढताना विचारलं होतंस, तोच.

पुस्तकांची बस दर दुसऱ्या गुरुवारी येते. अजून पेन्तीच चालवतो, पुस्तकंही तोच देतो. शाळा सुटली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. पुढचं सगळं शिकणं या बसमध्ये झालं. गेल्या खेपेला मी तुमच्या देशाचा जाडजूड इतिहास परत केला आणि दुसरा मागितला.

पेन्ती म्हणाला, "मार्यत्ता, हंगेरीवरचं हे तिसरं. परीक्षा देणार आहेस की काय?"

मी म्हटलं, "देईन. तू शिक्का मार."

मग त्याला ओत्सो आठवला. शिक्का मारताना त्याने टोपी काढली. इतक्या वर्षांत बसमध्ये कधी काढली नव्हती.

मी तो इतिहास वाचते कारण ओत्सो जिथे होता ते गाव मी पाहिलेलं नाही. फोनवर तो सांगायचा तेवढंच माझ्याजवळ आहे. "आई, इथे ट्राममध्ये अनोळखी माणसं आपणहून बोलायला येतात. मी दोन थांबे आधीच उतरतो." जंगलांबद्दल म्हणायचा, "याला जंगल म्हणत नाहीत गं, ही परसबाग आहे. सगळी काट्यांची झाडं, आणि ओळीत लावलेली." पण आवाज खूश असायचा. वसतिगृहाच्या खोलीत चौघं, चौघं चार देशांचे, आणि स्वयंपाक फक्त याला येतो म्हणे. मला हसू आलं होतं. इथे असताना त्याने अंडंसुद्धा उकडलं नव्हतं.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो का? मेचा महिना होता. बसमधून दोघं उतरलात, दोघांच्या अंगात ते विद्यार्थ्यांचे बॉयलर सूट, बाह्यांवर कापडी बिल्लेच बिल्ले. त्याचा सूट हिरवा आणि एक पाय निळा. तुझा सूट निळा आणि एक पाय हिरवा. मी विचारलं, "कापड कमी पडलं का?"

ओत्सो म्हणाला, "आई, जे माणूस जवळचं असतं त्याच्याशी एक पाय बदलायचा असतो. सगळ्या विद्यापीठात करतात."

"आणि टाके कुणी घातलेत? मांजराने?"

तू लाल झालीस. म्हणालीस, "मी घातले, बाई." इथे कुणी कुणाला 'बाई' म्हणत नाही, 'तुम्ही' म्हणत नाही, हे तुला शिकवायला दोन दिवस लागले. मी दोन्ही पाय उसवले आणि मशीनवर दुहेरी शिवण घालून पुन्हा जोडून दिले. त्याआधी धुऊन घेते म्हटलं तर ओत्सोने सूट पाठीमागे लपवला. "हा धुवायचा नसतो. धुवायचाच तर आत माणूस पाहिजे." संध्याकाळी सौनाच्या वाफेतून निघून त्याने तो सूट अंगात चढवला आणि धक्क्यावरून तळ्यात उडी मारली. बर्फ वितळून आठवडा झाला नव्हता. तू काठावरून तुमच्या भाषेत काहीतरी ओरडत होतीस. मी अर्थ विचारला नाही. माझ्या मनातही तेच असावं.

मग तू माशांच्या सुपात तुमच्याकडची तिखट पूड घातलीस, आणि तो म्हणाला, आता हे जेवण वाटतंय. इतकी वर्षं मी काय वाढत होते कोण जाणे.

आता कामाचं लिहिते. त्याची बॅग डिसेंबरात आली. त्यात सूट आहे, बाहेरच्या खोलीत खुंटीला लावलाय. तो निळा पाय मी उसवून काढला, तो तुझा आहे, म्हणून या पत्रासोबत पाठवते आहे. स्वच्छ आहे. तुझ्या सुटाचा हिरवा पाय मला परत पाठवशील का? अदलाबदल केली होती, तशीच उलट करू. सूट पूर्ण झाला तर बरं दिसेल. शिवण माझीच आहे, टोक ओढलं की सरळ उसवत जाईल. कात्री लावू नकोस.

हे मागणं वाईट आहे हे मला कळतं. तरी मागते.

थंडीत डोकं झाकत जा.

मार्यत्ता

*

कोइवुसालमी,
९ मार्च

प्रिय एनिको,

पार्सल पोहोचलं. अक्रोडाचा रोल वाटेत मोडला नव्हता. तिखटाची पूडही नीट आली. दोन दिवसांपूर्वी छपरावरचा बर्फ एकदम खाली आला, एवढीच इथली बातमी. तुझ्या आईला माझे मनापासून आभार सांग. रोल मी पेन्तीलाही दिला. तो म्हणाला, इतिहास राहू दे, यांचं स्वयंपाकाचं पुस्तक मागवतो.

आईची चिठ्ठी तुमच्या भाषेत होती, पण तू तिच्या ओळींखाली पेन्सिलने फिनिश लिहिलंस ते वाचलं. ती लिहिते, त्या रविवारी तिने चार ताटं मांडली होती. कोंबडीचं सूप केलं होतं. धुकं होतं म्हणून त्याला उशीर होत असेल असं वाटलं, आणि ती सूप पुन्हा पुन्हा गरम करत राहिली. पोलिसांनी मला फक्त सायकल, गाडी आणि रस्त्याचं नाव सांगितलं होतं. तो कुठे निघाला होता ते मला आता कळलं. जेवायला निघाला होता.

तुला एक सांगायचंय. या थंडीत मी या रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलंय की ती मुलगी इथे शिकायला आली नसती तर हा तिकडे शिकायला गेला नसता. एकदा नाही, बऱ्याचदा. भांडी घासताना. ताटांचं वाचल्यापासून म्हणवत नाही. पण न म्हटल्याने हलकंही वाटत नाही.

मग चिठ्ठीत खाली लिहिलंय: "तुम्ही त्याची आई असून निळा पाय इतका स्वच्छ धुऊन पाठवलात. आमच्या घरातून मळकं कापड तुमच्याकडे गेलं असतं तर मला लाज वाटली असती. हिरव्या पायाला एनिको हात लावू देत नव्हती, म्हणून ती वर्गाला गेल्यावर मी धुतलं." या ओळीखाली तुझी पेन्सिल फार दाबून चालली आहे. कागद मागच्या बाजूने फुगलाय.

मी तो पाय उलगडला. इस्त्रीची घडी सुरीसारखी होती. बिल्लेसुद्धा एकेक दाबून बसवलेले. लव्हेंडरचा वास येत होता.

सूट पूर्ण करायचा म्हणून मी तो मागितला नव्हता, एनिको. तुला ते कळलं असेल. मला लिहायची लाज वाटली. लिहिलं असतं तर तू कुलूप लावून ठेवला असतास आणि आज तो तसाच असता, तुझ्याकडे का होईना.

पाच वर्षं तो योएनसूच्या विद्यापीठातून शुक्रवारी यायचा. बॅग दारात टाकायचा आणि म्हणायचा, "आई, मशीन." मी बॅग उचलायची, मशीनमध्ये उलटी करायची, मग कॉफी. डिसेंबरात कुरिअरच्या माणसाने बॅग आणून दारात ठेवली. सही घेतली, गेला. मी बॅग उचलली, मशीनमध्ये उलटी केली, पावडर घातली, आणि कॉफी ठेवली. दोन कप काढले. मशीनने पाणी घेतलं तेव्हा त्या गोल काचेवर बिल्ले येऊन चिकटले आणि मला दिसलं मी काय केलं ते. मी बंद केलं नाही. पाणी आत गेल्यावर बंद करून काय होणार होतं? तिथेच खाली बसून राहिले, ते आपोआप थांबेपर्यंत.

सगळं होतं त्यात. शर्ट, मोजे, टॉवेल, उशीचा अभ्रासुद्धा. घरातलं त्याचं पांघरूण मी तो हंगेरीला गेला त्याच आठवड्यात धुऊन ठेवलं होतं, नाताळला येईल तेव्हा ताजं असावं म्हणून. मग एकदम आठवलं की सुटाचा एक पाय तुझ्याकडे आहे. तेवढाच एक. त्याला झाडाचा डिंक लागलेला होता, सौनाचा धूर होता, कुणीतरी सांडलेली बियर होती, आणि तो होता. जानेवारीत लिहायला बसले ते त्यासाठी. आणि स्वच्छ निळा पाय आधी पाठवला मीच. तुझ्या आईने माझं पाहून केलं.

तिला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. सांग, मार्यत्ता फार खूश झाली. सांग, शिवण जुळली. ते खोटं नाही. काल मी तो पाय त्याच दुहेरी शिवणीने जोडला. सूट आता सगळा हिरवा आहे.

परवा मी एस्कोच्या स्वेटरची पिशवी उघडली. मला माहीत करून घ्यायचं होतं. लोकरीचा वास येतो. नुसत्या लोकरीचा. एस्कोचा कधी उडून गेला ते कळलं नाही, मी आपली फळीवर ठेवून निश्चिंत होते.

तुझ्याकडे त्याचं आणखी काही असेल. मफलर, टोपी, काहीही. मला पाठवू नकोस. मी आता मागणार नाही, आणि मागितलंच तरी देऊ नकोस. पिशवीत घाल, आतली हवा काढ, तोंडाला दोरा घट्ट बांध, आणि आईच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेव. फार उघडू नकोस. उघडलं की थोडं जातं. पण माझ्यासारखी नऊ वर्षं बांधूनही ठेवू नकोस, तसंही जातं. मग काय करायचं ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर लिहिलं असतं.

बर्फ एप्रिलच्या शेवटाला फुटेल. तेव्हा यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर नको येऊस, मी समजेन. सौना मी हल्ली तापवत नाही, एकटीसाठी लाकडं जाळवत नाहीत.

तुझ्या आईला माझा नमस्कार. दोघींनी मिळून धुतलं, मी आणि तिने.

ओत्सोची आई,
मार्यत्ता