पातळ पत्र्याची शिवण

२ फेब्रुवारी

अकरा महिन्यांनी तळघराचं कुलूप काढलं. कारण आमचा शर्यतवाला, मोटारींच्या शर्यती खेळणारा. नवऱ्याने हातात घेतलेलं शेवटचं काम याचंच — जुन्या गाडीच्या इंजिनाला हवा पुरवणारा मॅनिफोल्ड. एक पेटी, तिला चार वाकड्या नळ्या, सगळं दीड मिलीमीटर अ‍ॅल्युमिनियमचं. दोन नळ्या जोडून झाल्या आहेत. तिसरीची वेल्डिंगची शिवण अर्ध्यावर. तिथेच तो टेबलाखाली पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

"दुसरीकडे देतो, वहिनी," शर्यतवाला म्हणाला. "पण त्याचं काम मध्येच तोडून दुसऱ्याचा हात लावायचा म्हणजे..."

मी करते म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

पंधरा वर्षं वेल्डिंग केलं मी, पण लोखंडाचं. पातळ अ‍ॅल्युमिनियम त्याचं. "तुझा पाय जड आहे," म्हणायचा. करंट पायाखालच्या पॅडलवर असतो, म्हणून.

५ फेब्रुवारी

तुकड्यांवर सराव. सात भोकं पाडली.

लोखंड लाल होऊन सांगतं, आता पुरे. हे सांगत नाही. जसंच्या तसं पांढरं दिसतं, कडेला जरा ओलसर चमक येते, आणि खाली गळून पडतं. मागे काळं भोक.

तोही असाच गेला. सकाळी दाढी करताना शीळ घालत होता.

८ फेब्रुवारी

पंखा बंद केला, भिंतीतल्या हवेच्या दोन्ही झडपा बंद केल्या, जिन्याचं दार ओढून घेतलं. तो तसंच करायचा. वेल्डिंगच्या टॉर्चमधून आरगॉन गॅस येतो, वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा राहतो. जरा वारा लागला की पांघरूण उडतं आणि शिवण काळी पडते. दिवसभर उकडलं. पण एकही भोक नाही.

९ फेब्रुवारी

कुणीतरी मागे उभं होतं. डाव्या खांद्याशी.

१० फेब्रुवारी

कालचं एक ओळीवर सोडलं, कारण हसू येईल असं वाटलं होतं. आज हसू येत नाही.

बुटक्या स्टुलावर बसून तिसऱ्या नळीला हात घातला. दुपारी साडेतीनला वगैरे. रॉड टेकवायचा, मागे घ्यायचा, पुढे सरकायचं. टेकव, मागे. टेकव, मागे. थोड्या वेळाने लक्षात आलं की मोजणारी मी नाही. "पाय हलका," तो म्हणाला. घाबरायला हवं होतं. उलट अंगभर ऊब पसरली, लहानपणी तापात आईच्या मांडीवर झोपताना यायची तशी.

मास्क वर केला तर चार बोटं शिवण पूर्ण झालेली. ती केल्याचं मला आठवत नाही. एकावर एक सरकवलेल्या नाण्यांसारखी, एकसारखी. माझी शिवण अशी कधी येत नाही.

१३ फेब्रुवारी

आई (सासूबाई) स्वयंपाकघरात वाटच पाहत होत्या.

"खाली कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"मग हसत कुणाशी होतीस?"

मी डोकं दुखतंय म्हणाले. खरंच दुखत होतं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तोही शेवटी शेवटी असाच. खालून गुणगुणत यायचा आणि डोकं धरून बसायचा. मी म्हटलं, प्रेमात पडलास की काय या वयात. तर म्हणतो, खाली फार छान वाटतं गं."

१४ फेब्रुवारी

तिसरी नळी पूर्ण, शेवटचा ठिपका सोडून. मला खाली छान वाटतं.

१७ फेब्रुवारी

मूर्ख चूक झाली. पत्रा वाकू नये म्हणून तिन्ही नळ्यांची तोंडं जाड पट्टीवर आवळून ठेवली होती, पेटीचं तोंड आणि चौथीचं भोकही झाकलं, आणि हवेला वाट ठेवायची विसरले. तिसरीचा शेवटचा ठिपका बंद होईना. आतली हवा तापून बाहेर येत होती. मी तोंड जवळ नेलं, तर फुंकर आली गालावर. गरम, हळू. मी तिला उत्तर दिलं. काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

वाट ठेवायची, हे मी शिकाऊ असतानाही विसरले नव्हते.

२० फेब्रुवारी

गॅसवाला नवा सिलिंडर घेऊन आला.

"मागच्याच आठवड्यात बदलला ना? वहिनी, पिता काय आरगॉन?"

"सवय लागलीय," मी म्हटलं.

तो हसला नाही. खाली आला, साबणाचं पाणी केलं, गॅसच्या नळीभर लावत गेला. टेबलामागे गुडघ्यांवर बसला, आणि एकदम उठून भिंत धरली. "झडपा उघडा. आधी झडपा."

जिन्यात बसून बोललो. हवेपेक्षा जड गॅस. खाली साचतो. वास नाही, रंग नाही. "गुदमरायलासुद्धा होत नाही. डोकं हलकं होतं, गोड वाटतं. काहींना माणसं दिसतात. त्यात वाकलं किंवा आडवं झालं, की संपलं."

टेबलामागच्या जोडातून बुडबुडे येत होते. आत वॉशरच नव्हता. "हा आजकालचा नाही. वर्ष-दीड वर्ष तरी गळतोय." मग माझ्याकडे बघायचं टाळून, "कुणी बसवला?"

मी म्हटलं, त्यानेच बसवला असेल.

२१ फेब्रुवारी

काही लिहवत नाही. हृदय नव्हतं.

२५ फेब्रुवारी

नवा जोड, झडपा उघड्या, वारा अडवायला टेबलाभोवती पत्र्याचा आडोसा. चौथी नळी चार दिवसांत केली. खांद्यामागे कुणी नव्हतं. वळून वळून पाहिलं. शिवण जराशी वेडीवाकडी आहे, पण पाण्यात बुडवून हवा भरली तर एक बुडबुडा नाही.

शर्यतवाला मॅनिफोल्ड पोटाशी धरून गेला. "तिसऱ्या नळीवर त्याचं कुठे संपतं ते कळतच नाही, वहिनी."

आई म्हणाल्या, "चुकला गं बिचारा. स्वतःच्याच हाताने." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

२६ फेब्रुवारी

तो गळका जोड मी बसवला होता. त्याची कंबर धरली होती त्या आठवड्यात. तू वाकू नकोस, म्हणाले.