खुंटीवरची माळ

नागपूर, १२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामाजींना,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मधल्या माणसाने सांगितलं की अर्धं गळतं, म्हणून गावी निघालेल्या लखीरामभाऊंच्या हाती हे पत्र देते आहे.

यांची कावीळ साधी नाही. हिपॅटायटीस बी नावाचा विषाणू वर्षानुवर्षं रक्तात होता, त्याने आता यकृत निकामी केलं. डॉक्टरीणबाई रक्तातली कावीळ, रक्त गोठायला लागणारा वेळ, किडनीचं काम, असं सगळं जोडून एक आकडा काढतात. त्यावरून पुढचा महिना कसा जाईल याचा अंदाज बांधतात. आजच्या आकड्याचे दहा पेशंट असले तर चारच घरी जातात, असं त्या म्हणाल्या. आपला माणूस त्या चारांत आहे की नाही, हे मात्र आकड्याला ठाऊक नसतं. आठवड्याने आकडा उतरला तर आशा आहे. यकृताचा तुकडा द्यायला मी तयार होते, पण जमणार नाही असं तपासून सांगितलं.

गावात काविळीचं औषध देणाऱ्या नानीबाईंनी यांच्या डोक्यावर ठेवलेली देठांची माळ इथल्या नर्सने काढली, ती सोबत पाठवते आहे. माळ लांबते तशी कावीळ उतरते असं त्या म्हणाल्या होत्या, म्हणून ती डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर आली तेव्हा आपण किती खूश होतो! यांचा अजून तिच्यावरच भरवसा आहे. जमिनीला टेकेपर्यंत टांगून ठेवा म्हणतात.

तुम्ही तिघांनी रक्त तपासून घ्या, डॉक्टरांनी बजावलं आहे. वैभवीला तिच्या आईचा पापा.

तुमची,
वैष्णवी

इंझोरी, १६ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाई वैष्णवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अक्षर पाहून आधी मनात आलं, पोरगी जेवते की नाही. उपास करशील तर तिथे येऊन भांडीन, आणि बहिऱ्याशी भांडून कोणी जिंकत नाही.

रक्त तपासून आलो. मी आणि वैभवी साफ. तिला तान्हेपणीच लस टोचलेली आहे. तुझ्या सासूच्या रक्तात मात्र तोच विषाणू निघाला. तिला त्रास काही नाही, पण बाळंतपणात तो आईकडून लेकराला जाऊ शकतो, असं डॉक्टर बोलून गेले. तेव्हापासून तुळसा चुलीपुढे बसून एकच विचारून राह्यली, की माह्याच पोटातून गेलं काय माह्या लेकाले. मी ऐकू आलं नाही असं दाखवतो.

आता माळेचं. ती मी देवाजवळच्या खुंटीला अडकवली होती. आज पाहिली तर वीतभर खाली आलेली. आधी वाटलं, विकासला उतार पडला. मग डोक्यात उजेड पडला, की खुंटीला कुठे कावीळ झाली होती! देठं वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ आपोआप लांबते. ती लांबत गेली आणि आपण घरी थांबलो. माझाच मला राग येतो आहे, पोरी.

विकासला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. आकडा काय म्हणतो ते कळव.

तुझा,
मामाजी

नागपूर, २० सप्टेंबर

तीर्थस्वरूप मामाजींना,
सा. न. वि. वि.

आकडा उतरला नाही, चढला. दहांतले किती, हे या वेळी मी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. घरी न्यायचं असेल तर न्या, एवढंच म्हणाल्या.

काल थोडी शुद्ध होती तेव्हा यांनी विचारलं, की माळ कुठवर आली. जमिनीला टेकली, असं मी सांगितलं. ऐकून हसले, आणि मग आता घरी जाऊ म्हणाले.

उद्या दुपारी पोचतो. माळ टेकली नसेल तर ओढून टेकवा. यांना दारातून दिसली पाहिजे. आईंना सांगा, यांनी त्यांच्या हातची कढी मागितली आहे. एवढं ऐकून त्या चुलीपुढून उठतील, नाहीतर चुलीवर कढी तरी ठेवतील.

सगळं झाल्यावर ती माळ नदीत सोडू नका, मामाजी. नानीबाईंकडे न्या. त्या वाईट नाहीत, त्यांनाही हे ठाऊक नसेल. तशीच एक ताजी माळ करवून त्यांच्याच अंगणातल्या खुंटीला अडकवा आणि लांबेपर्यंत तिथे बसा. पुढचा पेशंट घेऊन येतील त्यांनाही पाहू द्या.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
वैष्णवी