झग्याचं माप

प्रिय आत्या,

सलाम!

येत्या ऑगस्टात तुला जाऊन दोन वर्षं होतील. तुझ्या वाढदिवसाला मी लिहिलं नाही, स्मरणाच्या उपासनेच्या दिवशीही नाही, आणि आज शनिवारी दुपारी बसलेय. का? कारण उद्या आपल्या घरात बाप्तिस्मा आहे, तू शिवलेला पांढरा झगा माझ्या मांडीवर आहे, आणि तुझी शिवण काही केल्या उसवत नाहीये! अगं, बाळाचा झगा होता ना हा? कारच्या सीटची शिलाई कशाला मारलीस?

(मराठीत लिहितेय. इंग्लिश मीडियमची पोर आहे, चुका काढत बसू नकोस.)

तुझी मशीन दोन वर्षं बंदच होती. गल्लीतले रफीकचाचा येऊन तेल घालून गेले. जाताना त्यांनी झगा हातात घेतला, शिवण दोन्ही बाजूंनी ताणून बघितली आणि म्हणाले, "आपानं शिवलंय ना? मग कात्री नको बेटा, ब्लेड घे."

बरोबरच आहे म्हणा. बावीस वर्षं निघोज्याजवळच्या कंपनीत सीट कव्हर शिवलेली बाई तू. तुला नाजूक शिलाई कुठून येणार?

कंपनीच्या बसमधली तुझी गोष्ट मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, माहितीये? चाकणच्या चौकात बस अडकली की तू डोळे मिटून म्हणायचीस, जाम सोडवलास म्हणून आभार, प्रभू. आणि बस जागची हललेली नसायची! शेजारच्या काकू म्हणायच्या, अहो ताई, आधी हलू तर द्या. तर तू म्हणे, हलणारच आहे, मग आभार उशिरा कशाला?

आता मी हिंजवडीच्या कॅबमध्ये रोज तेच करते. जाम सुटत नाही तो नाहीच. पण माझी चिडचिड मात्र सुटली.

बरं, मुद्द्यावर येते. ती नवीन वर्षाची सकाळ आठवतेय ना? उपासना संपली, पाळकसाहेब स्टीलचं ताट घेऊन पुढे उभे राहिले. ताटात बायबलमधल्या वचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. आपल्याकडे दर वर्षी असंच, प्रत्येकानं एक उचलायची, मोठ्यानं वाचायची आणि ते वचन वर्षभर आपलं धरून चालायचं. मला नेहमी धीर धर, भिऊ नको, अशीच निघतात. तुला निघालं ते असं, की जिला मूलबाळ नाही तिचं घर देव लेकरांनी गजबजवील.

छप्पन्न वर्षांची तू. लग्न न केलेली! मागच्या बाकावरचा अख्खा तरुण संघ खाली वाकून हसत होता. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू? पाळकसाहेब बिचारे खोकले आणि म्हणाले, आत्याबाई, दुसरी उचला, चालेल.

तू चिठ्ठीची नीट घडी घातलीस आणि म्हणालीस, "दुसरी कशाला? ही माझी नाहीच. कुरिअर आहे. पत्ता आमच्या वरच्या मजल्याचा दिसतोय."

वरचा मजला म्हणजे दादा आणि वहिनी. लग्नाला आठ वर्षं, तीनदा ट्रीटमेंट, तिन्ही वेळा काहीच नाही. वहिनीनं त्याबद्दल बोलणंच सोडून दिलं होतं. आणि तू घरी येऊन, सगळे जेवायला बसलेले असताना, मटणाच्या पातेल्यावरून हात लांब करून ती चिठ्ठी तिच्या ताटाशी ठेवलीस!

वहिनीनं वाचली. उठली. हात धुऊन वर गेली. दादा नुसताच भात कालवत राहिला.

आत्या, तुझं तिथे चुकलंच हां. विश्वास तुझा होता, पण वाट बघायला तिला बसवलंस. ते वेगळं असतं गं. तुला वचनात बाळ दिसत होतं, तिला तीन रिपोर्ट दिसत होते.

पण तू थांबतेस कुठे! दुसऱ्याच आठवड्यात पिंपरीच्या बाजारातून पांढरं कापड आलं, लेस आली. ईस्टरपर्यंत झगा तयार. छाती बघितली तर माझ्या वीतभर, आणि लांबी? मी म्हटलं होतं, आत्या, हे बाळ आहे की नवरी? तर म्हणे, बाप्तिस्म्याचा झगा लांबच असतो, शेरू, आणि वाढायला जागा नको का?

तो तू जिन्यासमोर खिळ्याला टांगलास. वहिनी कामाला जाताना बघायची, येताना बघायची. महिनाभर असंच चाललं. मग एक दिवस पायरीवर उभी राहून फक्त एवढंच म्हणाली, "हा माझ्या नजरेसमोर नको, आत्या."

तू लगेच काढलास, उशीच्या अभ्र्यात घातलास आणि मला सांभाळायला दिलास. तेव्हा मी जे बोलले ते अजून मला टोचतं. देवाच्या नावावर तू वहिनीला छळतेस, असं म्हटलं मी. आणि वर विचारलं, नाही झालं तर काय करशील?

तू मशीनवरची दोऱ्याची रीळ बदलत होतीस. वर बघितलंसुद्धा नाहीस. "नाही झालं तर मी त्याला विचारीन. तोवर शिवायला काय जातंय?"

मग दोन अडीच वर्षं आपण सगळं बोललो, पण तो विषय नाही. एका रविवारी उपासनेनंतर सॉरी म्हणायचं मी ठरवलं होतं. तू त्याआधीच्या गुरुवारी गेलीस. हार्ट अटॅक, कंपनीच्या बस स्टॉपवर. थोडं थांबायचं ना गं! एरवी सगळ्यांना थांबायला सांगणारी तू.

आता पुढचं ऐक. तू गेल्यावर वर्षभरानं दादानं एका संध्याकाळी सगळ्यांना वर बोलावलं आणि सांगितलं की त्यांनी मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलंय. कधी? तू चिठ्ठी दिलीस त्याच महिन्यात! घरात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण वहिनीला परत सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. म्हणजे खाली तू मशीन चालवत होतीस, आणि वर ती रोज सकाळी मोबाईलवर आपला नंबर किती पुढे सरकला ते बघत होती. मधे एक स्लॅब. दोघींना एकमेकींचं काही माहीत नाही!

आणि मागच्या नाताळाआधी पिहू आली. बाळ नाही काही, चांगली चार वर्षांची होत आलेली, हातात चपला धरून पायऱ्या चढणारी, तोंडाचा पट्टा चालू. पहिल्याच आठवड्यात तिनं तुझा फोटो हेरला. ही कोण? मी म्हटलं, आत्याआजी, ती देवाकडे गेलीय. तिनं दादाला रोज बॅग घेऊन कंपनीत जाताना बघितलेलं ना, तर विचारते, "तिची शिफ्ट कधी सुटणार?"

सांग, काय उत्तर देऊ?

बाप्तिस्म्याची तारीख ठरली आणि मी कपाट उघडून बसले. झगा तिथेच होता, अभ्र्यासकट. काढू की नको? तू शिवलेलं असंच राहून जाईल का? की मी परत तीच जखम उघडीन? तीन दिवस विचार केला. मग चौथ्या दिवशी अभ्रा घेऊन वर गेले.

वहिनी कणीक मळत होती. मी झगा ओट्याशेजारी ठेवला आणि पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, वहिनी, नको असेल तर मी परत नेते, काही नाही.

तिनं हात पुसले. झग्याला हात लावला नाही. आधी मोबाईल घेतला आणि त्याचं मागचं कव्हर काढलं. आत ती चिठ्ठी होती, आत्या! घडीवर फाटलेली, शाई पुसट झालेली. मला वाटलं होतं तिनं ती त्याच दिवशी फाडून टाकली.

"मी आत्यांवर चिडले नव्हते गं," ती म्हणाली. "मला परत आशा लागली होती, त्याची भीती वाटत होती. त्यांना एकदा सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, मलापण. मग आम्ही दोघी रडलो आणि पिहू आमच्याकडे बघून म्हणाली, कांदा कुठाय?

झगा तिला घालून बघितला. लांबी बरोबर गुडघ्याच्या खाली! पण छातीत अडकला, हात तर जाईचनात. पिहूनं जाहीर केलं की हा बाहुलीचा आहे. मीही हसत म्हटलं, आत्यानं माप चुकवलं बघ. दोन्ही कडा उसवून मधे पट्टी घालावी लागणार होती. पांढरं कापड आणायला मी निघाले, तर वहिनीनं कपाटातून तिची लग्नाची पांढरी साडी काढली आणि मी नको नको म्हणेपर्यंत पदराला कात्री लावली.

एवढं होऊनसुद्धा मी हे पत्र लिहिलं नसतं. लिहितेय ते आज सकाळमुळे.

पाळकसाहेबांकडे उद्याची नोंद करायला गेले होते. त्यांनी पिहूची जन्मतारीख विचारली. मी कागदावरून वाचून दाखवली. त्यांचं पेन थांबलं. बोटांवर वर्षं मोजली, परत मोजली आणि म्हणाले, "शेरॉन, आत्याबाईंची चिठ्ठी याच जानेवारीतली ना?"

त्याच जानेवारीतली! आम्ही बाकाखाली वाकून हसत होतो तेव्हा पिहू जन्माला यायला तीन आठवडे राहिले होते. ईस्टरला तू झग्याचा शेवटचा टाका घातलास तेव्हा कुठेतरी, कुणाच्या तरी हातात, ती दोन अडीच महिन्यांची होती. वीतभर छातीची! माप चुकलं नव्हतं गं आत्या. आम्हाला पोचायला उशीर झाला.

धावत घरी आले, जिन्यातूनच वहिनीला सांगितलं. तिला काय, कागद तिच्याच हातात पहिल्यांदा आलेला. म्हणते, "तुला आज कळलं होय?"

तर आता शब्द देते. येत्या नवीन वर्षाला ताटातून जी चिठ्ठी निघेल तिच्यावर मी हसणार नाही, आणि ईस्टरच्या आत तिच्या कामाला लागेन. दुसऱ्या कुणाची निघाली तर पोचवीनसुद्धा. फक्त जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नाही. त्या माणसाला एकट्याला गाठीन, हात हातात घेईन आणि मग देईन. एवढी सुधारणा चालेल ना तुला?

एक कड झालीय. दुसरी अजून उसवायचीच आहे, ब्लेड बोथट झालंय, आणि पिहू मशीनच्या पायडलवर बसून गाडी गाडी खेळतेय. तरी झगा वेळेत पूर्ण झाला म्हणून प्रभूचे आभार मी आत्ताच मानून टाकते.

तुझी,
शेरू